शब्दार्थ, दृष्टांत आणि सत्यव्रत

ज्या शब्दाची व्याख्या आपणांस मुखोद्गत आहे, परंतु ज्याच्या अर्थाशी आपल्या जीविताचा अद्यापि कोठेही स्पर्श झालेला नाही, असा शब्द दुसऱ्या मनुष्याशी बोलताना योजणे सत्यव्रताशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी शाळेच्या वर्गापुरता वाटण्यासारखा असला, तरी त्याचा पाठपुरावा करू लागले म्हणजे तो धर्मविचाराच्या गाभ्याशी जाऊन पोहोचतो, अशी माझी धारणा आहे. हा प्रश्न सुचण्यास नागरा हे गाव निमित्त झाले. गोंदियाहून उत्तरेस बालाघाटच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर हे गाव येते. येथील प्राचीन शिवमंदिरामुळे पंचक्रोशीत त्याला नागराधाम म्हणतात आणि महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. सभोवार धानाच्या बांध्या, मध्ये मध्ये बोड्या, आणि लोकांच्या तोंडी मराठी, हिंदी व पोवारी या तिन्ही बोलींचे असे मिश्रण की एकाच वाक्याच्या प्रवासात तिन्हींचा मुक्काम घडावा. अशा या गावातील मुलेमुली आज रेल्वेची, बँकेची किंवा पोलीस भरतीची परीक्षा दृष्टीसमोर ठेवून इंग्रजी शब्द पाठ करीत बसलेली दिसतात. त्यांच्या हातातील पुस्तकांची रचना ठरलेली असते: प्रथम शब्द, त्यापुढे व्याख्या, आणि त्याखाली तो शब्द योजून केलेले एक उदाहरणवाक्य.

हे पाठांतर कानावर पडले म्हणजे आपल्या परंपरेतील एका फार जुन्या वादाची आठवण होते. मंत्रांना अर्थच नसतो, असे प्रतिपादन करणारा कौत्स नावाचा एक आचार्य यास्कांनी निरुक्तात उल्लेखिला आहे. मंत्रातील शब्दांचा क्रम बदलता येत नाही, काही मंत्र परस्परविरुद्ध आहेत, काहींचा अर्थ लागतच नाही, अशी त्याची कारणे यास्कांनी प्रामाणिकपणे नमूद केली आणि मग एकेक करून त्यांचे निरसन केले. त्याच ग्रंथात पुढे, वेद पठण करूनही अर्थ न जाणणाऱ्याला ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे. म्हणजे ज्या संस्कृतीला आपण पाठांतराची संस्कृती म्हणतो, तिने अर्थाविना पाठांतर केव्हाही निर्वेधपणे मान्य केलेले नव्हते. तो तिच्या अंतःकरणातील एक चालू खटला होता, आणि त्याचा निकाल प्रत्येक पिढीला नव्याने लावावा लागला.

या विवेचनासाठी गोंदिया जिल्ह्याबाहेर जाण्याचीही आवश्यकता नाही. गोंदियाहून रेल्वेने पूर्वेकडे निघाले की आमगाव लागते आणि आमगावजवळ पदमपूर नावाचे खेडे आहे. दुर्गकडील मोहल्ला येथे मिळालेला वाकाटकांचा अपुरा ताम्रपट पद्मपुराहून दिलेला आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजेच हे पदमपूर, असा निर्णय करून भवभूतीच्या पूर्वजांचे गावही तेच ठरविले. हा भवभूती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत ‘पदवाक्यप्रमाणज्ञ’ हे बिरुद धारण करतो. पद म्हणजे व्याकरण, वाक्य म्हणजे मीमांसा आणि प्रमाण म्हणजे न्याय, या तिन्ही शास्त्रांत तो पारंगत होता, असा त्याचा अर्थ. मालतीमाधवाच्या एका हस्तलिखितावरून काही पंडितांनी त्याला कुमारिल भट्टांचा शिष्य मानले आहे. त्याविषयी मतभेद आहेत. परंतु गुरुशिष्यसंबंध सिद्ध होवो वा न होवो, पदापासून वाक्याकडे आणि वाक्यापासून प्रमाणाकडे जाण्याचा जो मार्ग त्या बिरुदात सूचित झाला आहे, तोच आज या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हवा आहे. त्याच्या पुस्तकात पद आहे, वाक्यही आहे. उणीव आहे ती प्रमाणाची.

परक्या भाषेतील शब्दाचा अर्थ कोणाकडून घ्यावा, या प्रश्नाला मीमांसकांनी दिलेले उत्तर इतके उदार आहे की ते आपल्या शाळांतून शिकविले जात नाही याचा मला खेद वाटतो. जैमिनींच्या सूत्रांच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात एक अधिकरण आहे. वेदात पिक, नेम, सत, तामरस असे काही शब्द येतात. ते आर्यांच्या व्यवहारात प्रचलित नाहीत, पण म्लेच्छांच्या व्यवहारात आहेत. आता त्यांचा अर्थ व्याकरणाच्या व निरुक्ताच्या बळावर धातू शोधून काढून आपण बसवावा, की म्लेच्छ लोक तो शब्द ज्या अर्थाने वापरतात तोच घ्यावा? पूर्वपक्ष अपेक्षेप्रमाणे असा की शिष्टांचा आचार तेवढा प्रमाण, म्लेच्छांचा कसा असेल? परंतु सिद्धान्त नेमका उलट दिला आहे. जेथे विरोध उत्पन्न होत नाही तेथे म्लेच्छांचा प्रयोगच प्रमाण मानावा. पिक म्हणजे कोकीळ, नेम म्हणजे अर्धा, तामरस म्हणजे कमळ. शबरस्वामींनी तर यापुढे जाऊन असे म्हटले आहे की पक्षी धरण्याच्या आणि पाळण्याच्या कामात म्लेच्छ आपल्याहून अधिक जाणते आहेत. वेदाच्या अक्षराअक्षराला अपौरुषेय मानणाऱ्या शास्त्राने, वेदातीलच एका शब्दाचा अर्थ विचारण्यासाठी पारध्याच्या दारी जावे, ही गोष्ट मला कोणत्याही उपदेशापेक्षा मोठी वाटते. शब्दाचे प्रामाण्य बोलणाऱ्याच्या कुळात नसून त्याच्या कामात आहे, ही तिच्यातील गर्भित प्रतिज्ञा होय.

कुमारिलांनी तंत्रवार्तिकात हाच विचार अधिक तीव्रतेने मांडला. द्रविड भाषेतील शब्दांना आपल्याकडील प्रत्यय जोडून त्यांतून संस्कृत अर्थ ओढून काढणाऱ्यांची त्यांनी कानउघाडणी केली आहे: भाताला जेथे ‘चोर्’ म्हणतात तेथे हे लोक चोर पाहतात, पोटाला जेथे ‘वैर्’ म्हणतात तेथे यांना वैरी दिसतो. द्रविड भाषेची ही अवस्था, मग पारसीक, बर्बर, यवन आणि रोमक यांच्या भाषांच्या वाट्याला हे पंडित आले तर काय करतील, असा प्रश्न त्यांनी विचारला. पदमपूरच्या त्या नाटककाराने ही शिकवण खरोखर त्यांच्या पायाशी बसून घेतली असेल, तर या जिल्ह्याचा तिच्यावर काही वारसाहक्क पोहोचतो, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

मग अर्थ कळतो तरी कसा? शब्दाची शक्ती ज्ञात होण्याचे आठ मार्ग नैयायिकांनी सांगितले आहेत: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि परिचित शब्दाचे सान्निध्य. या आठांत कोशाला स्थान आहे हे विसरू नये. परंतु सर्वांत मूळचा मार्ग व्यवहाराचा, असे बहुतेकांचे मत पडले. मीमांसक प्रभाकरांच्या अनुयायांनी त्यासाठी जो देखावा वारंवार वर्णिला तो असा: एक वडील माणूस दुसऱ्याला गाय आणण्यास सांगतो, दुसरा उठून गाय आणतो, पुढे गाय बांधण्यास सांगतो, तेव्हा ती बांधली जाते, मग घोडा आणण्यास सांगतो. जवळ बसलेले मूल हे पाहते, वाक्यातून एक शब्द जातो आणि दुसरा येतो तेव्हा कृतीत काय बदलले हे ताडून घेते, आणि याच आवाप-उद्वापाच्या क्रमाने त्याला गाय, घोडा, आणणे आणि बांधणे यांचे अर्थ उमगतात. त्या मुलाला कोणी व्याख्या सांगितली नाही. त्याला उदाहरणार्थ म्हणून कोणी वाक्यही ऐकविले नाही. जे ऐकले ते हुकूम होते आणि त्या हुकमांची तामिली त्याच्या डोळ्यांदेखत झाली.

या मताची सत्यता पाहावयाची असेल तर मराठीतील फारसी शब्दांकडे पाहावे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि तरीही दप्तर, फिर्याद, जमीन, हजर, तारीख हे शब्द मराठी माणसाच्या जिभेवरून उतरले नाहीत. कोशाचे कर्तृत्व यामुळे कमी ठरत नाही. राज्याला स्वत्वाची जाणीव करून देण्याचे त्याचे कार्य निराळेच होते. परंतु ज्या कुणब्याच्या घरातील भांडी एकदा कचेरीच्या शिपायाने बाहेर काढून ठेवली, त्याला जप्ती शब्दाचा अर्थ कोणत्याही कोशाने नव्याने सांगावयाचा उरला नव्हता. मालगुजारीच्या काळात या भागातील रयतेला पट्टा, बेदखली, वसुली, पेशकार हे शब्द असेच कळले. इंग्रजीतील समन्स, अपील, सिग्नल, टिकीट हे शब्द अक्षरओळख नसलेल्या माणसांनीही अचूक आत्मसात केले, कारण त्या प्रत्येक शब्दाबरोबर त्यांना काही करावे लागत होते किंवा काही सोसावे लागत होते.

परंतु नागऱ्यातील विद्यार्थिनीपुढील अडचण येथेच सुरू होते, आणि ती मीमांसकांच्या मुलाला नव्हती. तिच्या अंगणात इंग्रजी बोलणारे वडीलधारे नाहीत. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाते, तेव्हा अक्षरे आणि सोपे शब्द तिच्या परिचयाचे आहेत. पण ज्या व्यवहारातून शब्दाला अर्थ फुटावा तो इंग्रजी व्यवहार तिच्या गावात होत नाही. धानाची रोवणी मराठीत आणि पोवारीत होते, बाजार हिंदीत होतो, शंकराला अभिषेक संस्कृतात होतो. इंग्रजी राहते ती केवळ पुस्तकात. अशा वेळी कोश आणि उदाहरणवाक्य हेच तिचे वृद्धजन होत, आणि म्हणून त्यांची निंदा करणे मला सुखवस्तू माणसाचा उद्धटपणा वाटतो. या देशात त्या ग्रंथांची सेवा करणारी माणसेही सामान्य नव्हती. विल्यम कॅरे यांचा मराठी कोश 1810 साली श्रीरामपूरला निघाला. मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या साह्याने रचलेला मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आणि त्याची वाढविलेली आवृत्ती 1857 साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी-मराठी कोश 1847 चा. नीळकंठ बाबाजी रानडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या इंग्रजी-मराठी कोशासाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने शब्द, अर्थ व भाषांतरासाठी वाक्ये अशा क्रमाने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजीच्या उंबरठ्याशी आणून सोडले.

उंबरठ्याच्या आत जाताना मात्र व्याख्या कोठे अपुरी पडते, हे पाहिले पाहिजे. एका शब्दाची व्याख्या दुसऱ्या शब्दांनी करावयाची, त्या शब्दांची तिसऱ्यांनी, असे करीत गेले म्हणजे नैयायिक ज्याला अनवस्था म्हणतात ती तरी ओढवते, किंवा फिरून पहिल्याच शब्दाशी येऊन अन्योन्याश्रय तरी घडतो. इंग्रजांच्याही हे ध्यानात आले होते, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यावरील उपाय तेव्हाच्या अविभक्त हिंदुस्थानातील अनुभवातून निघाला. ढाक्याच्या अध्यापन महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी 1935 साली एक कोश केला; त्यात सुमारे 24,000 शब्द व वाक्प्रचार केवळ 1,490 शब्दांच्या साह्याने समजावून दिले होते. म्हणजे अनवस्थेला कोठे तरी तळ हवा, आणि तो तळ ज्या थोड्या शब्दांचा बनतो ते शब्द विद्यार्थ्याला व्याख्येवाचून आलेले असले पाहिजेत, हे त्यांनी मान्य केले. जपानात इंग्रजी शिकविणाऱ्या हॉर्न्बी यांनी 1942 साली टोकियोत प्रसिद्ध केलेल्या कोशात, शब्दाचा अर्थ सांगून न थांबता तो वाक्यात कोणत्या संगतीने बसतो हेही दाखविले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ऑक्सफर्डच्या विद्यार्थिकोशाचे मूळ तेथे आहे. व्याख्येकडून वाक्याकडे झालेली ही वाटचाल योग्यच होती. पण वाक्याजवळ येऊन ती थांबली.

का थांबली, ते सांगतो. आमच्या शेजारची एक मुलगी बँकेच्या परीक्षेची तयारी करते. एके सायंकाळी ती ‘रिलक्टंट’ हा शब्द, ‘अनिच्छुक’ हा त्याचा अर्थ आणि ‘ही वॉज रिलक्टंट टू लीव्ह’ हे वाक्य पाठ करीत होती. मी विचारले, “बाई गं, निघायला तयार नव्हता तो हा कोण?”

“काकाजी, तो कोणीच नाही. तो फक्त पुस्तकात आहे.”

“आणि निघत कोठून नव्हता?”

“तेही दिलेलं नाही.”

तिचे उत्तर अक्षरशः खरे होते आणि त्यात एक तत्त्वज्ञानाचा सिद्धान्त सामावलेला होता. उदाहरणवाक्याचा कर्ता कोणीही नसतो, त्याची क्रिया कोठेही घडलेली नसते, आणि म्हणून ते वाक्य खरे नसते व खोटेही नसते. त्याला वक्ता नाही, श्रोता नाही, प्रसंग नाही. जॉन्सनच्या 1755 च्या कोशातील उदाहरणे अशी नव्हती. ती कोणी तरी लेखकाने, काही तरी मनापासून सांगण्यासाठी लिहिलेली वाक्ये होती. 1884 ते 1928 या काळात खंडशः निघालेला ऑक्सफर्डचा मोठा कोश अशाच अवतरणांच्या असंख्य चिठ्ठ्यांवर उभा राहिला. आपल्याकडे दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश जुन्या ग्रंथांतील प्रयोगांचे दाखले देतो तेव्हा त्या प्रत्येक दाखल्यामागे एक जिवंत माणूस असतो, आणि म्हणून तो आप्तवाक्याच्या पदवीला पोहोचतो. परीक्षेच्या पुस्तकातील वाक्य मात्र कोणाचेच नसते.

थोड्या वेळाने त्या मुलीने स्वतःचे वाक्य केले: तिची आजी दवाखान्यात जाण्यास रिलक्टंट आहे. वाक्य केल्याबरोबर तिला एक शंका आली, जी पुस्तकातील वाक्याने तिला कधीच आली नसती. आजी कुरकुर करते, पण शेवटी जाते. मग तिला हा शब्द लागू पडतो काय? जो मुळीच जात नाही त्याला म्हणावयाचे, की मनाविरुद्ध का होईना पण जातो त्याला? अनिच्छुक या एका शब्दाच्या व्याख्येत हा भेद दडून राहिला होता, आणि तो उघड झाला तो ते वाक्य खरे असण्याची जबाबदारी तिने पत्करली म्हणून. मग तिने कोश पुन्हा उघडला. या वेळी कोश वाचण्याचे कारण परीक्षा हे नव्हते. आजीविषयी चुकीचे काही बोलले जाऊ नये, हे होते.

या पायरीला आपल्या भाषेत नाव आहे, आणि ते मराठी गद्याच्या उषःकालीच विदर्भाशी निगडित असलेल्या महानुभाव पंथाने दिलेले आहे. चक्रधरस्वामींची वचने आणि त्यांनी सांगितलेल्या लहान लहान कथा एकत्र करून केशिराजव्यासांनी दृष्टांतपाठ हा ग्रंथ रचला. त्यात 114 दृष्टांत आहेत. प्रत्येक प्रकरणाची घडण तीन अंगांची: प्रथम सूत्र, म्हणजे स्वामींचे वचन, मग दृष्टांत, म्हणजे कथा, आणि अखेरीस दार्ष्टांतिक, म्हणजे त्या कथेचा प्रस्तुत साधकाला लागू होणारा अन्वय. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यांतलीच. गोष्ट सांगून संपली की आपण सामान्यतः समाधान पावतो. केशिराजांनी ते समाधान पुरेसे मानले नाही. चाचपणारा आंधळा मी आहे, आणि हत्तीचा कान हाती धरून त्यालाच हत्ती म्हणत आहे, हे जोपर्यंत साधकाला उमगत नाही तोपर्यंत सूत्र आणि दृष्टांत दोन्ही ग्रंथातच राहतात. न्यायशास्त्राच्या पंचावयव वाक्यातही उदाहरणानंतर उपनय येतो. धूर आणि अग्नी यांचे साहचर्य स्वयंपाकघरात पाहिले, एवढ्याने अनुमान पुरे होत नाही, हा समोरचा पर्वतही तसाच धुराने युक्त आहे, असे म्हणावे लागते. आजच्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत सूत्र आहे, दृष्टांत आहे. दार्ष्टांतिकाचे पान कोरे आहे, आणि ते कोणताही प्रकाशक छापू शकत नाही, कारण ते नागऱ्यातील मुलीचे वेगळे आणि गोंदियाच्या तांदूळगिरणीत हिशेब लिहिणाऱ्या मुलाचे वेगळे असावयाचे. ज्या केशिराजांनी हे तिसरे अंग जोडले ते संस्कृतचे मोठे पंडित होते, आणि नागदेवाचार्यांनी त्यांना संस्कृतात लिहू नका, पंथातील साध्या म्हाताऱ्या बायका अर्थाला मुकतील, असे बजावल्याची आठवण स्मृतिस्थळात नोंदलेली आहे. दार्ष्टांतिकाची चिंता आणि म्हाताऱ्या बायकांची चिंता या दोन्ही एकाच करुणेतून उपजलेल्या आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. योगसूत्रांतील यमांत सत्याची गणना आहे, आणि व्यासभाष्य त्याचे विवरण करताना केवळ असत्य बोलू नये एवढे सांगून थांबत नाही. आपल्या ठिकाणचा बोध दुसऱ्याच्या ठिकाणी संक्रमित करण्यासाठी वाणी आहे, अशी भूमिका घेऊन भाष्यकार तीन दोष सांगतात: वाणी फसविणारी असू नये, भ्रान्तीतून निघालेली असू नये, आणि तिसरा दोष त्यांनी ‘प्रतिपत्तिवन्ध्या’ या विशेषणाने दाखविला आहे, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ठिकाणी जिच्यापासून काहीच बोध उपजत नाही, अशीही ती असू नये. हा तिसरा दोष सत्याच्या प्रकरणात घातला आहे, वक्तृत्वाच्या नव्हे, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मुलाखतीच्या मेजासमोर बसलेला उमेदवार, अर्जात भारदस्त इंग्रजी विशेषणे लिहिणारा कारकून, आणि भूमिपूजनाच्या समारंभात न पेललेले शब्द उच्चारणारा पुढारी, यांपैकी कोणीही खोटे बोलत नसेल; परंतु ज्या शब्दाचा अर्थ त्याच्या स्वतःच्या ठिकाणी बोधरूपाने नाहीच, तो शब्द तो दुसऱ्याच्या ठिकाणी कसा संक्रमित करणार? जेथे मूळ ठेवच नाही तेथे हुंडी लिहून देण्यासारखे ते आहे. व्यासभाष्याच्या कसोटीने पाहिले तर न उमगलेला शब्द प्रौढीने योजणे हा सत्यभंगाचाच एक प्रकार ठरतो, असा माझा निर्णय आहे; आणि तो इंग्रजीइतकाच संस्कृतप्रचुर मराठीलाही लागू आहे.

या निर्णयावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आपण रामरक्षा अर्थ न कळण्याच्या वयात पाठ केली. तिचा अर्थ पुढे, कधी आजारपणात तर कधी एखाद्या मृत्यूनंतर, आपोआप आपल्याकडे चालत आला. शब्द आधी आणि अर्थ मागाहून, असा क्रम सत्याला बाधक असता तर सर्व बालसंस्कार बाधक ठरले असते. पदमपूरच्या कवीनेही उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात रामाच्या मुखातून असा भेद केला आहे की व्यवहारातील सत्पुरुषांच्या ठिकाणी वाणी अर्थाची अनुगामिनी असते, तर आद्य ऋषींच्या ठिकाणी अर्थ वाणीचा अनुगामी होतो. मग घोकलेल्या इंग्रजी शब्दामागेही अर्थ कधी तरी येणार नाही कशावरून? माझ्या मते येईल, आणि म्हणून पाठांतराला मी विरोध करीत नाही. परंतु रामरक्षा म्हणणारे मूल ती कोणाला पटवून देण्यासाठी म्हणत नसते. तेथे ऐकणारा ईश्वर आहे, आणि त्याच्या ठिकाणी बोध उत्पन्न करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ज्या क्षणी शब्द माणसाला उद्देशून निघतो त्या क्षणी ऋषींची सवलत संपते आणि लौकिकाचा नियम सुरू होतो. गरीब घरातील मुलाला परीक्षेची मुदत असते, गोंदियाच्या शिकवणीची फी भरलेली असते, त्याने आधी हजार शब्द घोकले तर त्यात अधर्म नाही. ते त्याच्या कोठारातले बी आहे. मात्र बी साठवणे आणि पऱ्हे घालणे ही दोन कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला वेळ देणारी शाळा त्याला मिळाली पाहिजे. शिक्षकाने वाक्य तपासताना क्रियापदाचे रूप बरोबर आहे काय, हे जसे पाहावे तसेच ‘हे खरे आहे काय?’ असेही विचारावे. मुलाने ‘आमच्या बोडीत यंदा पाणी कमी आहे’ असे इंग्रजीत लिहिले आणि त्याचे एक अक्षर चुकले, तरी ते वाक्य सत्याच्या अंगाने पूर्ण आहे. गुण देताना या पूर्णतेला काही तरी जागा हवी.

परक्या शब्दाशी वागण्याच्या धर्माविषयी आणखी एक साक्ष बौद्ध परंपरेतून काढता येते, आणि ज्या जिल्ह्यात धम्मदीक्षा घेतलेली इतकी कुटुंबे राहतात तेथे ती काढल्यावाचून राहणे अयोग्य होईल. मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात, एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव अशी निरनिराळी नावे आहेत, तेव्हा ज्या प्रदेशात जावे तेथील नाव वापरावे, पण हेच तेवढे खरे आणि बाकीचे व्यर्थ असा अभिनिवेश धरू नये, असा उपदेश आहे. त्यात परक्या शब्दाचा स्वीकार आहे, आणि त्याने मातून जाण्याला प्रतिबंधही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे दीक्षा घेतली, त्यापूर्वीच त्यांनी पाली शब्दांचा कोश सिद्ध करण्याचे काम हाती घेतलेले होते; पाली शब्दांचे इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदी अर्थ देणारी ती सामग्री त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाली आहे. जो धम्म लक्षावधी लोकांच्या हाती द्यावयाचा, त्याचे शब्द प्रथम स्वतः एकेक करून तोलून घेतले पाहिजेत, या कळकळीवाचून एवढ्या व्यापातल्या माणसाने शब्दार्थांच्या याद्या करण्यात वेळ घालविला नसता. कोशरचना ही त्यांच्या ठिकाणी धर्मकृत्याचाच भाग होती.

आणि येथे इंग्रजी शिकणाऱ्या मुलीला एक असा लाभ आहे, जो केवळ मातृभाषेत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना सहसा मिळत नाही. परका शब्द आपल्याला कळलेला नाही, हे तिला ठाऊक असते. नागऱ्याच्या मंदिरात महाशिवरात्रीला रांगेत उभे राहून आपण शिव, माया, मुक्ती, प्रसाद, कृपा हे शब्द ज्या सहजतेने उच्चारतो, त्या सहजतेमुळेच ते आपल्याला कळले आहेत असा आपला समज होऊन बसतो. त्यांची व्याख्या आपण कीर्तनकारांकडून ऐकलेली असते, त्यांचे दृष्टांत पुराणांतून मिळालेले असतात, आणि दार्ष्टांतिकाचे पान तेथेही पुष्कळदा कोरेच असते. कृपा या शब्दाचे एक वाक्य करून दाखव, ते तुझ्याविषयी असू दे आणि खरे असू दे, असे कोणी मला विचारले, तर मला त्या मुलीहून कितीतरी अधिक वेळ लागेल. कौत्साने मंत्रांना निरर्थक म्हटले ते यास्कांना मान्य झाले नाही. पण त्यांनी उत्तर देताना शब्दाची बाजू राखली आणि अर्थ न दिसण्याचे उत्तरदायित्व पाहणाऱ्याकडे सोपविले. ते उत्तरदायित्व व्याख्या पाठ करून फिटण्यासारखे नाही, आणि शब्द इंग्रजी असो की वैदिक, त्याचा भार सारखाच आहे.